निळ्यावर

मुकादम म्हणाला, हा इनर आतून घालायचा,
अंगाला लागून. त्यावर सदरा, त्यावर जर्किन.
पाठीत तारा आहेत, पोटावर तारा आहेत,
खिशात बॅटरी, साबणाच्या वडीएवढी.
बटण दाबलं की लाल, मग पांढरा, मग निळा.
लाल म्हणजे कडक. दोन तासांत उतरतो.
निळ्यावर ठेवलात तर पाळी निघते.
धुवायचा आठवड्यातून एकदा, पिळायचा नाही.

अकरा जणांत इनर चार.

बाहेर एप्रिल. पिंपळगावच्या हायवेवर
डांबर चपलेला धरून ठेवतंय,
आणि मी रबरी पडदा सारून
शून्य अंशात शिरते.

आत द्राक्षं. देठापर्यंत गार,
पाच-पाच किलोच्या खोक्यांत निजलेली,
थप्पी माझ्या डोक्यावर दोन हात.
तोंड उघडलं की शब्दाआधी वाफ येते,
म्हणून आत कुणी फार बोलत नाही.
हौशीराम भोये तेवढा बोलतो.
आमच्या सुरगाण्याला, म्हणतो, शेकोटीपुढे बसलं
की छाती भाजते आणि पाठ रानात राहते.
हे बरं आहे. ह्यात पाठ आधी.

त्याची पाळी सुटली की तोच इनर माझ्या अंगात.
पहिल्या दिवशी बटण लावलंच नाही,
तरी गरम.
परक्या माणसाची ऊब, अंगाला लागून.
घरी सांगितलं नाही.
रविवारी जुन्या पातळाचं अस्तर टाचलं आतून,
तारांना टाका लागू नये म्हणून बोटांनी चाचपत,
जशी आजारी माणसाची नस शोधतात.
आता ऊब उशिरा पोचते,
पण पोचते ती पातळाच्या वासाची.
हौशीरामने अस्तर पाहिलं. काही म्हणाला नाही.
दुसऱ्या दिवशी बाहीचा उसवलेला काठ
त्याने टिपून आणला होता, मोठमोठ्या टाक्यांनी.

प्रत्येक थप्पीत एक डबी जाते काडेपेटीएवढी,
द्राक्षांना वाटेत किती गार लागलं ते लिहिणारी.
तिची बॅटरी रॉटरडॅमपर्यंत पुरते.
साहेबांना विचारलं एकदा, आमचं कोण लिहितं?
ते हसले. माणूस वाईट नाही.
मथुरा टर्लेची बोटं निळी पडली मागच्या साली,
तेव्हा इनर त्यांनीच मागवले.
चारच का, ते मी विचारलं नाही.
मथुरा आता लेबलं चिकटवते, बाहेरच्या टेबलावर,
आणि चहाचा कप दोन्ही हातांनी धरते. उन्हातसुद्धा.

काल घरी आले, बॅटरी लावली,
चार दिवे भरले, आणि लाइट गेली.
डीपी जळालाय. उद्या संध्याकाळशिवाय नाही, असं वायरमन म्हणाला.
कंपनीत जनरेटर आहे. तो द्राक्षांसाठी.
पत्रा दिवसभराचं ऊन अजून खाली सोडत होता,
धाकट्याच्या पाठीवर घामोळं,
खाजवून खाजवून लाल.
जत्रेतला टिचभर पंखा पडून होता फडताळात.
त्याची पिन बघितली. बॅटरीचं भोक बघितलं.
बसली.

गंमत वाटली जराशी.
जी मला दिवसभर शेकते
ती ह्याला वारा घालते.

चार दिवे होते. तो कुशीवर वळला तेव्हा तीन.
मोठी म्हणाली, आई, तुझी उद्याची थंडी संपतेय.
झोप म्हटलं.
दोन.
पिन काढायला हात गेला,
त्याच्या पाठीवर जाऊन थांबला,
कोरडी होती पाठ, गार होती,
तसाच राहिला हात.

उद्या पोटाचं बटण लावणार नाही.
फक्त पाठ.
तीही निळ्यावर.