पेव

हरिपूरला पेव उघडतात तेव्हा
लगेच कुणी आत उतरत नाही.
तोंडावरची माती सारतात, फळी काढतात
आणि बाजूला बसून तंबाखू मळतात.
आतली हवा वर्षानुवर्षं कोंडलेली.
आधी कंदील सोडायचा दोरीनं;
विझला, तर माणसानं थांबायचं.

हे आठवलं, कारण सुकुमारनं विचारलं,
"एवढी वर्षं बोलली का नाहीस?"

शब्द नव्हता, हे एक.
म्हणजे होता, नववीत, चौगुले बाईंच्या तासाला:
गांडूळ हा उभयलिंगी प्राणी आहे.
अख्खा वर्ग हसला. मीही हसले,
समासात एक गांडूळ काढलं,
त्याला डोळे काढले.
माझा शब्द वेगळा, हे फार उशिरा कळलं.
लिंगीच्या जागी लैंगिक.
दोन मात्रा आणि शेवटी एक क,
एवढंच अंतर माझ्यात आणि गांडुळात.

मार्केट यार्डात, आडत दुकानात, मी हिशेब लिहिते.
हळदीचं बरं असतं.
राजापुरी वेगळी, सेलम वेगळी,
हळकुंडं इकडं, गट्टू तिकडं,
चिमूटभर पूड लॅबला जाते, टक्का येतो.
माणसांनाही टक्काच हवा असतो.
नणंद म्हणाली, "म्हणजे निम्मं-निम्मं?"
मिरजेच्या डॉक्टरीणबाई: "हे लग्नाआधीचं ना?"
आणि पुण्याच्या त्या दोघी,
ज्यांच्याकडे मी एसटीनं, नवी साडी नेसून,
मोठ्या आशेनं गेले होते,
त्यांनी चहा दिला, म्हणाल्या,
"तुझं अजून ठरलेलं दिसत नाही."

अडतीस वर्षांची आहे मी.
ठरलेलं आहे. तेच तर सांगत होते.

जुने व्यापारी रुमालाखाली सौदा करायचे.
वर चेहरे कोरडे, खाली बोटांनी बोटांना भाव.
त्रिशला आणि मी तसंच,
विश्रामबागेतल्या लायब्ररीत, ओढणीखाली.
काय भाव फुटला
ते टेबलावरच्या कुणाला कळलं नाही.
ती आता इचलकरंजीला असते. चोवीस माग, दोन मुलगे.
दिवाळीत फोन करते, फराळाचं विचारते,
आणि ठेवायच्या आधी
उगाच थोडा वेळ धरून राहते.

आणि सुकुमार.
त्याच्यावर मी तडजोड म्हणून प्रेम केलेलं नाही,
हे रोजकीर्दीत लिहावं तसं तारीखवार लिहीन:
सूर्य बुडायच्या आत जेवायला म्हणून
सायकल फेकून धावत येणारा तो,
पॉलिशच्या ड्रमची हळद त्याच्या कानामागे,
भात कालवताना त्याचं ते एकदम गप्प होणं.
यातलं काहीच
त्रिशलाच्या खात्यातून वळतं केलेलं नाही.
तिचं तिच्या खात्यावर आहे.
दोन्ही खाती चालू आहेत
आणि मी कुणाचं देणं बुडवलेलं नाही.

त्या रविवारी संगमावर गेलो.
घाटाच्या शेवटच्या पायरीवर त्यानं हात केला,
"तुझ्यागतच की. दोन नद्या."
चांगल्या मनानं म्हणाला, बिचारा.
मी म्हटलं, "पुढं बघ.
पुढं नुसती कृष्णा म्हणतात.
वारणेचं पाणी काय आटलं का?"

तो बराच वेळ पुढंच बघत राहिला.
नावाडी पलीकडून येऊन परत गेला.
एक म्हैस पाण्यातून निघाली,
अंग झाडलं, आमच्यावर शिंतोडे.
मग हळूच,
दोरी हातातून सोडावी तसं, त्यानं विचारलं,
"हसायची कशी गं ती?"

मी थोडी थांबले.
श्वास येत होता.

"पुढचे दात एकावर एक होते तिचे," म्हटलं.
"वही धरायची तोंडासमोर.
तरी कळायचंच.
वही हलायची."