शेपटीवरची खूण

पोर्तू शहरातल्या या चढाच्या गल्लीत
माझं दुकान इतकं अरुंद की
गिऱ्हाईक आत घ्यायचं तर त्याची छत्री बाहेर ठेवावी लागते.
पेनं दुरुस्त करतो. बापानंही तेच केलं.
आणि आमच्या घराचं मत पिढीजात आहे :
लिहिताना टोपण मागे खोचू नये.
तोल मागे जातो, मनगट भरून येतं,
सेल्युलॉइडवर चरे उठतात.
टेबलावर ठेवा. हरवलं तर हरवलं.
माझ्याकडे खोकाभर पडलीत, परक्या पेनांची,
एकही दुसऱ्या कुणाला धड बसत नाही.

खोचणाऱ्यांचंही ऐकून घेतो.
गोदीवर उभ्यानं खोकी मोजणारा टेल्मो म्हणतो,
टेबल कुठलं, मालक?
एक वकील तर अर्धा तास टोपण शोधत होता,
ते पेनाच्याच बुडाला.
काखेत कळसा.

मार्चमध्ये, एका मंगळवारी, देओलिंदा आली.
हातरुमालात नवऱ्याचं पेन.
एर्मीनिओ वारला त्याला वर्ष झालं होतं;
नदीपलीकडच्या वाइनच्या गोदामात
अडतीस वर्षं पिंपांचा हिशेब लिहिला त्यानं.
शाई सुकून दगड झालेली.
मी भिंग लावलं, आणि शेपटीजवळ दिसली
बारीक चऱ्यांची अंगठी,
बोटातली काढल्यावर राहते तशी.

तुमचे यजमान टोपण मागे खोचायचे, म्हणालो,
जरा मास्तराच्याच आवाजात.

ती हसली. ते? अहो, ते म्हणायचे,
टोपण खोचून लिहिणं म्हणजे
टोपी घालून जेवायला बसणं.

मग ही खूण?

बाहेरून ट्राम गेली, बरण्यांतल्या निबा थरथरल्या.
तिनं रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

मला लिहिता येत नव्हतं, म्हणाली.
लग्नाच्या कागदावर अंगठा आहे माझा.
ते झोपले की स्वयंपाकघरात बसायची,
मीठ-साबणाच्या जाहिराती समोर ठेवून
एकेक अक्षर काढायची.
आमचं टेबल उताराचं, सगळ्या गावासारखंच;
टोपण ठेवलं की घरंगळायचं,
फरशीवर पडलं असतं तर जागे झाले असते.
म्हणून मागे खोचायचे. दाबून.
किती वर्षं? सहा. की सात.

आणि शाई?

ती तेच भरायचे. दर शनिवारी.
पुढे पुढे बुधवारीही भरायला लागले.
मला वाटलं, गोदामात काम वाढलं असेल.

मी काही बोललो नाही.
या जातीच्या पेनात शाई भरायची तर
शेपटीचं बोंड फिरवावं लागतं, चिमटीत धरून,
आणि चिमट नेमकी त्या अंगठीवर येते.
डोळे मिटून फिरवलं तरी नखाला लागते ती.
शनिवारी लागते. बुधवारीही लागते.

पेन आठ दिवस कोमट पाण्यात ठेवलं.
निब धुतली तेव्हा दिसलं, ती दोन अंगांनी झिजली होती :
एक अंग लांब, सरावाचं, घाईचं;
दुसरं आखूड आणि खोल,
दाबून लिहिणाऱ्याचं.

न्यायला आली तेव्हा विचारलं,
चरे घासून काढू? नव्यासारखं होईल.
फुकट करतो.

तिनं उत्तर दिलं नाही.
बोंड चिमटीत धरलं, फिरवलं नाही,
नुसती धरून राहिली.
अंगठ्यानं अंगठी चाचपली,
एकदा, मग दुसऱ्यांदा, उलट्या बाजूनं.
बुधवारी, असं काहीतरी पुटपुटली.

मी पावती पुढे केली.
तिनं टोपण काढलं,
माझ्या टेबलाला उतार नाही हे तिला दिसत होतं,
तरी शेपटीवर ठेवलं आणि दाबलं.
भर दुपारी, माझ्या देखत.
टक् असा आवाज आला.

सही करायला तिला बराच वेळ लागला.
दारात माणूस ताटकळला होता,
त्याची छत्री पायरीवर निथळत होती.
माझ्या तोंडाशी आलेलं वाक्य, बापाचं, पाठ असलेलं,
मी गिळलं
आणि टीपकागद सरकवला.