अकरा नंबरचं धुणं

तो आला तेव्हा फेब्रुवारी होता
आणि मैदानावर बर्फ ढकलायचं यंत्र फिरत होतं.
एजंटानं त्याला फाटकापाशी उतरवलं,
गाडीचं इंजिनसुद्धा बंद केलं नाही.
त्यानं माझ्या टेबलावर बुटांची जोडी ठेवली.
खिळ्यांच्या मुळाशी तांबडी माती.
मी ती जुन्या टूथब्रशनं खरवडून काढली,
बेसिन गेरूनं सारवल्यासारखं झालं.
नंतर वाटलं,
आधी विचारायला हवं होतं.

मी औस्मा. या क्लबचं धुणं एकतीस वर्षं माझ्याकडे.
खेळ मला फारसा कळत नाही.
कोण घसरला, कोण नुसता उभा राहिला,
एवढं चड्ड्या सांगतात.

इसूफ झुंग्राना. बोबो-दिउलासोचा. वय एकोणीस.
आमच्या भाषेत पुरुषाच्या नावाला शेवटी स जोडतात,
म्हणून माईकवरून तो इसूफ्स झाला.
पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यानं मागं वळून पाहिलं,
दुसरं कुणी उभं आहे का.
छपाईवाल्याकडे एकच एन उरला होता,
दुसऱ्या एनच्या जागी त्यानं झेड आडवा करून चिकटवला.
कुणाच्या लक्षात आलं नाही.
माझ्या आलं, कारण प्रत्येक धुण्यात
आधी तोच सुटायचा
आणि मी बेकिंग पेपर ठेवून इस्त्रीनं तो परत बसवायचे.

त्या वर्षी सात गोल. समुद्रावरून वारा असा
की कॉर्नरचा झेंडा आडवा,
आणि चारशे बारा माणसं
बसायच्या जागा असून उभी, थंडीनं.
शेजारच्या स्कैद्रीतेनं त्याला हातमोजे विणून दिले,
ते घालून तो खेळलाही. मोजे माझ्याकडे आले
ते आटून बाहुलीचे झाले. ती चूक माझी.
स्कैद्रीतेला अजून सांगितलेलं नाही.

ट्रॅकसूटच्या खिशात पैसे पाठवल्याच्या पावत्या असायच्या.
मी त्या रेडिएटरवर वाळवायचे.
वाचायचे नाही. पण आकडे वाचावे लागत नाहीत,
ते दिसतात.
मार्चमध्ये दीडशे, जूनमध्ये तीनशे,
क्लबनं पगार थकवला त्या ऑक्टोबरात चाळीस.
चाळीसची पावती त्यानं चार घड्या घालून ठेवली होती.

नोव्हेंबरात डावा गुडघा.
मग चार महिने अकरा नंबरची जर्सी
पेटीतून जशी गेली तशी परत येत राहिली,
घडीसुद्धा न मोडता.
मी तरीही धुतली.
मोजणी चुकायला नको, असं मॅनेजरला सांगितलं.

मग त्याला उसना दिला. त्यांचा शब्द, माझा नव्हे.
आमच्याकडे शिडी उसनी देतात, फार तर बर्फाचं फावडं,
आणि परत आली नाही तर
दारात जाऊन मागून आणतात.
मोल्दोव्हा, मग सायप्रस, मग कुठंतरी
जिथला नकाशा माझ्या कॅलेंडरमागे नाही.
एकदा फोटो आला: उन्हात डोळे बारीक, हातात मूल.
कुणाचं ते लिहिलं नव्हतं.

सहा वर्षांनी तो पाहुण्यांच्या बसमधून उतरला.
सत्तावीस नंबर. नाव अचूक छापलेलं, दोन्ही एन सरळ.
शेवटची नऊ मिनिटं खेळला.
मग धुणीघरात आला, दार न वाजवता,
आमच्या भाषेत नमस्कार म्हणाला, शेवटचा स्वर चुकवून.
म्हणाला, माझी जुनी जर्सी असेल का?
नाही रे, मी म्हटलं.
ती त्याच्या पाठीमागं बादलीच्या काठावर वाळत होती,
दोन वर्षं तिनंच फरशी पुसत होते.
आडवा झेड तेवढा शाबूत.

तो मशीनकडे बघत होता. तेच का?
तेच. फक्त दार आता
लाथ मारल्याशिवाय लागत नाही.
त्यानं ते लावून दिलं,
डाव्या पायानं,
अगदी हलकेच.