लिही, चेंडू हरवला

त्याचं नाव हॉलोवे. आजा म्हणे हलवेसाहेब.
विलायतेत कुठल्याशा परगण्याकडून अकरा सामने खेळला,
बाराव्यात बोट मोडलं, उजव्या हाताचं, मधलं.
ते शेवटपर्यंत वाकडंच.
काही दाखवायचं झालं
की सगळी बोटं एकीकडं जायची,
ते एक भलतीकडं.

सावळखेडच्या जेलात तो जेलर होऊन आला
तेव्हा माझा आजा गोमाजी ढोके वॉर्डर होता, महिना नऊ रुपये,
आणि लिहिता येतं म्हणून धावा मोजणारा.

काळी माती उन्हात हातभर फाटते,
तिच्यावर पडलेला चेंडू कुठं जाईल
हे तिलाच ठाऊक.
मग मुरूम आला, बैलगाडीच्या सात खेपा.
वर अंथरायला अंबाडीची पट्टी कैद्यांनीच विणली.
खुनातले दोघे फलंदाजीला, दरोड्यातले स्लिपमध्ये,
आणि चिरकुट, सरकारी सागवान तोडलं म्हणून आत आलेला,
तो लांब, भिंतीपाशी. त्याचं पळणंच तसं.

चेंडू भिंतीपलीकडं गेला की साहेब म्हणे, जाय चिरकुट.
वऱ्हाडी तेवढी शिकला होता.
फाटक उघडायचं. चिरकुट पऱ्हाटीत शिरायचा,
चेंडू घेऊन यायचा. फाटक लागायचं.
सबंध हिवाळा असं चाललं.

एका रविवारी तो आलाच नाही.

आज्याच्या हातात दोन वह्या, एक हजेरीची, एक धावांची.
साहेबानं हजेरीची मिटली.
लिही, म्हणाला, चेंडू हरवला.
सहा धावा दे.

तीन रात्री बंगल्यावर कंदील जळत होता,
खुर्ची फाटकाकडं तोंड करून.
आजा म्हणे, नोकरी जाते म्हणून मी रडलो,
तो नुसता पट्टीची उसवलेली कड शिवत बसला.

चौथ्या दिवशी, ढोरं सुटायच्या वेळी,
फाटकावर थाप.
चिरकुट. तळपायात काटे. डोक्याचा गोटा, ताजा,
कानामागं वस्तरा लागल्याची खूण.
साहेबानं त्या डोक्याकडं पाहिलं.
कोण, असं विचारलं नाही.
हात पुढं केला.
चिरकुटानं धोतराच्या गाठीतून चेंडू काढून दिला.

पुढं साहेबाची बदली झाली, का त्याला काढलं,
आजा दोन्ही सांगे.

चेंडू आमच्या घरी आहे,
रंग जुन्या सुपारीसारखा.
गव्हाच्या कोठीचा एक पाय आखूड, त्याखाली लावलाय.
वही मात्र वाळवीनं खाल्ली.
त्या सहा धावा कोणाच्या नावावर पडल्या
ते आता सांगता येत नाही.