हॅगवुड खाणीतलं जोडपं

चिमणी लांब जात नाही.
ज्या वळचणीला जन्मली तिथून हाकेच्या अंतरात
तिचं खाणं, भांडणं, बहुतेकदा मरणंही.
आमच्या गावचं एक जोडपं मात्र
सातशे यार्ड गेलं,
सरळ खाली.

घोड्यांच्या गवतातून गेलं असेल, म्हणत काही जण.
बाबा म्हणायचे, छे, मी पाहिलंय:
पाखरं आपल्या पायांनी पिंजऱ्यात शिरली
आणि दोर सुटला, माणसांसकट.
वर एक चिमणी, विटांची, धूर सोडत उभी;
एक हेबल्थवेटच्या हातात, विषारी वायू हुंगणारी;
आणि ही तिसरी,
पावाचा चुरा मागणारी.

खाली दिवस नव्हता. दिवे आठही प्रहर.
तरी ती लोखंडी तुळईवर फुगून झोपायची
आणि पाळी बदलली, बुटांचा आवाज आला
की चिवचिवाट.
माणसं आली म्हणजे उजाडलं, हा त्यांचा हिशोब
खाणीहून जुना.
कुणीतरी पहिल्यांदा धान्य साठवलं आणि थोडं सांडलं,
तेव्हापासूनचा.

स्फोट होऊ नये म्हणून बोगद्यात चुनखडीची भुकटी पसरत.
त्यात ती पंख आपटून अंघोळ करायची.
पाखरं पांढरी, माणसं काळी,
आणि दोघांचे डोळे तेवढेच चमकणारे.
नराच्या गळ्यावर शरदात राखी टोकांची पिसं येतात.
वसंतात नवी येत नाहीत,
जुनीच झिजतात, आतला काळा उघडा पडतो.
खाली ना शरद ना वसंत, तरी झिजला.
"आमच्यासारखंच," बाबा म्हणाले,
आणि कानामागचा कोळसा पुसायचा राहिला तो राहिलाच.

केबलच्या खोबणीत घरटं:
कुणाच्या तरी स्वेटरची लोकर, घोड्याच्या शेपटीचे केस,
वेतनाच्या पाकिटाचा एक कोपरा.
चार अंडी, ठिपक्याठिपक्यांची.
तेराव्या दिवशी तीन फुटली.

मोठ्यांना पाव चालतो. पिल्लांना नाही.
त्यांना मऊ, ओला, जिवंत किडा लागतो.
किडे होते तिथे खाली,
पण तीस कोटी वर्षांचे, दगड झालेले.

म्हणून मी. वय नऊ.
पहाटे चारला, विजेरी तोंडात धरून,
सग्डेनबाईंच्या वाफ्याशेजारच्या आमच्या कोबीत.
पिवळ्या-काळ्या नकोत, त्या कडू असतात.
हिरव्याच, शिरेला चिकटून शीरच झालेल्या.
काडेपेटी खाली नेता येत नाही,
तपकिरीच्या डबीत भरायच्या, झाकणाला खिळ्यानं भोकं.
बाबा शिंकत परत यायचे.
"किती खाल्ल्या?"
"सगळ्या."
"आणि हेबल्थवेट?"
"त्यानं एकही नाही खाल्ली."

आठव्या सकाळी डबी ओट्यावरच राहिली.
"उडाली," बाबा म्हणाले, बुटाची नाडी बांधत.
मी आनंदानं कोंबड्यांना टाकल्या अळ्या.

तेवीस वर्षांची असताना वाचनालयात
भलतंच काही शोधत होते, तिथे वाचलं:
पिल्लू घरट्यातून निघायला
साधारण चौदा दिवस.
पुस्तक मिटलं. परत उघडलं. चौदाच होते.

विचारलं एकदाच, खाण बंद झाल्यावर.
बाबा खिडकीशी, मांडीवर ब्लँकेट,
छातीत ती जुनी भुकटी शिट्टी वाजवत होती.
बाहेर गटाराच्या पन्हळीवर दोन नर
मादीऐवजी पन्हळीसाठीच भांडत होते.
"बाबा, ती पिल्लं. कुठं उडाली?"

बराच वेळ खोकले.
मग माझ्याकडे असं पाहिलं
जसं काही मी अजून नऊ वर्षांचीच
आणि जरा मंद.
"कुठं म्हणजे?
वर."