खेचल्यावर थेट

उशीच्या अभ्र्यात गुंडाळून आणलेली गिटार
इडवाल प्रॉसरने टेबलावर ठेवली
आणि म्हणाला, "हिचा आवाज गेलाय."

नेस्टानं तार छेडली.
आवाज होता.
ती काही बोलली नाही.
खाली मासे तळायचं दुकान,
बाहेर पोर्ट टॅल्बटचा आडवा पाऊस,
सोल्डरच्या धुरात व्हिनेगरचा वास.

"कसा होता?"
हे ती रोजच विचारते. माणसं
चवींचे शब्द घेऊन येतात: आंबट, तुरट, लोण्यासारखा.
एक पोरगा म्हणाला होता, ओल्या लोकरीसारखा.
त्याला काय हवं ते तिला लगेच कळलं होतं.

इडवाल म्हणाला, "पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा.
पण गोड.
चौऱ्याहत्तर साली, कामगार क्लबात, शनिवारी."

तिनं खण उघडला.
ही एकेरी कॉइल: चुंबकाभोवती
केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे आठ हजार वेढे.
धारदार बोलते, पण आसपासची वीज हिच्यात कुरकुरते.
आणि ही दुहेरी: उलटसुलट गुंडाळलेल्या जावा-जावा,
एकीची कुरकुर दुसरी खोडून काढते.
घरात शांतता, फक्त वरचा सूर जरा दबून.

"गुणगुण नकोच असेल ना?"
सगळ्यांनाच नको असते.
"असू दे," तो म्हणाला. "तेवढी मला ऐकू येते."

नेस्टानं मान वळवली,
खिडकीकडे तोंड करून विचारलं, "चहा घेणार?"
तो गिटारकडे बघत राहिला.
पत्र्याच्या गिरणीत एकतीस वर्षं.
हा ओठ वाचत होता.

मग तिनं टोनचा कपॅसिटर काढला,
अर्ध्या किमतीचा लावला.
तो म्हणाला, "अजून."
अडीच लाख ओहमचं पॉट काढून पाच लाखांचं.
"अजून."
दहा लाखांचं.
खालच्या माणसानं झाडूच्या दांड्यानं छत ठोकलं.
तिनं पॉट, कपॅसिटर, सगळंच सोडवलं
आणि मगरीच्या चिमट्यांनी
कॉइल थेट जॅकला जोडली.

तिच्या दाढेत कळ गेली.
इडवालनं टेबलावर पंजा ठेवला, हलकेच,
जसं कुणाला थांब म्हणायचंय.
"हाच."

"हा लोकांत वाजवता येणार नाही, मिस्टर प्रॉसर."
हे तिनं त्याच्याकडे तोंड करून सांगितलं.
"मेलेरीच्या बाळाचं बारसं आहे," तो म्हणाला. "चॅपलच्या हॉलमध्ये."
बराच वेळ तो नखानं पिकगार्ड खरवडत बसला.

मासे बांधायच्या कागदावर तिनं नकाशा काढला.
लाल इथे, पांढरी तिथे,
उघडी तार मात्र सगळ्यांशी बांधलेली.
ओढता-दाबता येणारं एक पॉट.
"नॉब दाबलेला असला की लोकांना हवा तसा.
वर खेचलात की थेट, मध्ये काही नाही.
पण मग आवाज लहान-मोठा करणं
तुमच्या हातात राहणार नाही."

त्यानं नॉब वर केला, खाली केला, वर केला.
नवं कुलूप घेतल्यावर माणूस करतो तसं.

काढलेला कपॅसिटर तिनं पाकिटात घालून दिला,
मजुरीचे अठरा पौंड घेतले,
चहाचं पुन्हा विचारलं, यावेळी समोरून.
दोन चमचे साखर.

महिन्याभरानं मेलेरी तारा न्यायला आली, काखेत बाळ.
"हॉलमध्ये छान वाजवलं हो आजोबांनी. मऊ.
घरी मात्र तो नॉब वरच असतो.
कुत्रं कोळशाच्या खोलीत जाऊन बसतं,
आजी भांडी जोरजोरात घासते.
तुम्ही खाली चिकटवून टाकाल का?"

"गिटार घेऊन या, बघते," नेस्टा म्हणाली
आणि काउंटरवर काढलेला निकेलचा संच
परत आत ठेवून
पोलादी काढला.