पाच मीटर मांजरपाट

दुकानदार म्हणाला, कधी हवंय?
मी म्हटलं, ते सांगता येत नाही.
कुणासाठी?
माझ्यासाठी.
तर त्यानं आधी पंखा लावला,
मग गल्ल्यामागचं स्टूल पुढे सरकवलं.
बांबू, सुतळी, मडकं, गवऱ्या,
सगळे भाव तो भिंतीवरच्या कॅलेंडरला सांगत होता.
मी लाइटबिलाच्या पाठीवर लिहून घेतले.

चाळीस वर्षं झाली, नाना पेठेत
जिन्याखालच्या खोलीत फॉल-पिको करते.
म्हणून कापडाचं मीच त्याला सांगितलं,
अहो, सात मीटर कशाला? पाच फूट एक इंच आहे मी,
आणि दर वर्षी कमीच होतेय.
पाच पुरे. पन्हा मोठा द्या.
घरी येऊन टेप लावून बघितलीसुद्धा,
पलंगावर आडवी होऊन,
एक टोक पायाच्या अंगठ्यात धरून.
बरोबर होतं.
माझ्या हाताखालून न गेलेलं हे एकच कापड.
याला फॉल नाही, बीडिंग नाही,
आणि गुरुवारी देते सांगून
शनिवारी द्यायची सोय नाही.

मग वॉर्ड ऑफिस. मग शववाहिनीचा नंबर.
विद्युतदाहिनी ठरवली,
धूर मला आधीपासूनच सोसत नाही.
गुरुजींना विचारलं, दहावं-तेरावं धरून किती?
ते म्हणाले, ताई, असं आधी विचारू नये.
मी म्हटलं, नंतर मला विचारता यायचं नाही.
त्यांनी आकडा सांगितला. मी कमी करायला लावला.

बँकेत रिकरिंग उघडलं, महिना सातशे.
काउंटरवरच्या मुलीच्या हातात अजून हिरवा चुडा,
तिनं विचारलं, उद्देश काय लिहू?
घरदुरुस्ती, मी म्हटलं.
नॉमिनी?
बहिणीचा मुलगा आहे, पिंपळे सौदागरला,
रविवारी फोन करतो, म्हणजे करायचा.
त्याचं नाव घातलं. त्याला सांगितलं नाही.
पाकिटात फक्त चिठ्ठी ठेवली:
मिलिंद, पावत्या घे. उरले तर तुझे.
हार प्लास्टिकचा नको.
डोळ्यांचा फॉर्म भरलाय, सहा तासांच्या आत कळव,
अजून सुईत दोरा ओवतात ते.

एकोणतीस महिने. मुदत पुरी झाली, पाकीट भरलं.
आणि दिवाळीच्या तोंडावर, ऐन कामाच्या गर्दीत,
कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला रामधनी
गाडीला टेकून खाली बसला
तो बसलाच.
बायको तिकडे गोंड्याला.
इथे सोळा वर्षांचा पोरगा,
कुणाचा तरी कडक शर्ट
हँगरसकट हातात धरून उभा.
लोक वर्गणीचं बोलत होते.
भाडेकरूंनी किती, मालकांनी किती,
यातच अर्धा तास गेला.
इस्त्री गरम होती अजून, ती आधी मी उतरवून ठेवली.
मग वर गेले.

काय काय लागतं ते मला तोंडपाठ होतं.
फक्त रामधनी उंच.
सात मीटर घेतलं.
त्याचा चुलतभाऊ म्हणाला, लाकडावरच करायचं,
आमच्यात तसंच.
लाकडाचा हिशेब मी धरलाच नव्हता.
शिवाय पोराचं तिकीट, अस्थी घेऊन जायचं.
पाकिटात राहिले तीनशे दहा
आणि मिलिंदची चिठ्ठी.

आता पुन्हा पहिला हप्ता.
तेवढे महिने मला काही होऊन चालणार नाही
हे डॉक्टरांना सांगून ठेवलंय.
ते हसले, आणि बीपीची गोळी बदलून दिली.
पोरगा परत आलाय. गाडी तोच लावतो,
कॉलर अजून नीट जमत नाही त्याला.
माझ्या साडीचे पैसे घेत नाही,
म्हणून मी साडी देणंच बंद केलंय.

काल बॉबिन आणायला निघाले होते,
वाटेत ते दुकान.
त्यानं मान वर केली.
काय ताई, तुमचं?
अजून नाही, मी म्हटलं.
मांजरपाटाचा भाव काय चाललाय?